नाल्यापलीकडचा मतदारसंघ

मुंबईत गेल्यावर मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते समुद्र नव्हे, उंच इमारतीही नव्हेत. ते होतं माझ्या भावजयीचं नाव. घाटकोपरहून अंधेरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आम्ही बसमधून उतरलो आणि समोरच्या लांबलचक भिंतीवर निळीने रंगवलेली हातभर अक्षरं दिसली : ‘निर्मला दिलीप वानखडे, अपक्ष’. नावाशेजारी एक चौकोन आखून रिकामा सोडला होता.

“इथं काय यायचंय?” मी विचारलं.

“निशाणी,” दिलीप म्हणाला. दिलीप माझा धाकटा भाऊ. माझी वळकटी खांद्यावर घेऊन तो भिंतीकडे न बघता चालला होता. “उद्या तीनपर्यंत अर्ज मागे घेतला नाही, तर निशाणी मिळणार. ताई, तू वेळेवर आलीस. माझी तर पार वाट लागलीय.”

वाट लागणे म्हणजे वाटोळं होणे. मुंबईत हा शब्द लोक दिवसातून अनेकदा वापरतात, पण दिलीपने तो मनापासून वापरला होता.

पंच्याऐंशी सालच्या विधानसभेच्या वेळची ही गोष्ट. मी तेव्हा मेहकर तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात नर्स होते. दिलीप साकीनाक्याला लेथ मशीनवर काम करायचा आणि एका टेकडीवर राहायचा. त्याची बायको निर्मला टेकडीवरच्या बुद्धविहारात बालवाडी चालवायची. ही बालवाडीची बाई आमदारकीला उभी राहिल्याचं गावाकडे आलेल्या एका माणसाने सांगितलं, तेव्हा आमची माय भाकरी थापता थापता थांबली. “जाय तू,” ती मला म्हणाली. “तिले समजावून सांग. अर्ज मांगं घ्याले लाव.” मी रजा टाकली आणि मलकापूरला मेलमध्ये बसले.

टेकडीला सगळे खडीटेकडी म्हणत. पूर्वी तिथं दगडाची खाण होती. तिच्या अर्ध्या कापलेल्या अंगावर घरं चढत गेली होती, पत्र्याची, विटांची, काही दोन्हीची. पायवाट अशी की एका घराचा उंबरठा आणि दुसऱ्याचं छप्पर एकाच पातळीवर. वर पोचेपर्यंत मला तीनदा बसावं लागलं. आपल्याकडे मी खेड्यापाड्यांत कोसभर सहज चालत असे, पण ते सपाटीवर.

निर्मला दारातच उभी होती. तिने पाय धुवायला पाणी दिलं, आणि मी तांब्या पालथा करणार तोच तिने हलकेच हात धरला. “ताई, थोडं थोडं,” ती म्हणाली. “इथलं पाणी खालून येतं.”

चहा झाल्यावर तिने मला विहाराच्या ओट्यावर नेलं आणि खाली बोट दाखवलं. टेकडीच्या पायथ्याशी एक काळा नाला होता. आपल्याकडचा ओढाही याहून रुंद असतो. नाल्यापलीकडे कौलारू चाळींच्या चार रांगा आणि त्यांच्या कोपऱ्यावर सिमेंटची एक खोली.

“ती पंपाची खोली,” निर्मला म्हणाली. “पंप जोरदार आहे. पाइप टाकला तर पाणी इथवर चढेल. पण नाल्याच्या अलीकडे एक मतदारसंघ, पलीकडे दुसरा. आमच्या आमदाराकडे गेलो, ते म्हणाले, पंप माझ्या हद्दीत नाही. पलीकडच्या आमदाराकडे गेलो, ते म्हणाले, तुम्ही माझे मतदार नाही. पालिकेत गेलो, तर म्हणाले, दोघांपैकी एकाची शिफारस आणा.”

“मग तू उभी कुठून राहिलीस?”

“पलीकडून. पाणी जिथं आहे तिथून.”

“आणि तुमची मतं?”

“आमची मतं इकडं.” ती हसली. “राज्यातल्या कुठल्याही मतदाराला कुठूनही उभं राहता येतं, ताई. फक्त माझं मत मला स्वतःला देता येणार नाही. ह्यांचंही नाही. या टेकडीवरचं एकही नाही.”

आपल्या तालुक्यात मतदारसंघ म्हणजे दोन नद्या, एक घाट आणि धुळीने माखलेल्या जीपचा दोन दिवसांचा प्रवास. इथं एक उडी मारली की माणूस दुसऱ्या आमदाराच्या राज्यात जात होता, आणि ती उडी मारायला म्हणून ही बाई विधानसभेला उभी होती.

संध्याकाळी एक पाहुणा आला. क्रीम रंगाचा सफारी, बोटात दोन अंगठ्या, वागणं अत्यंत अदबीचं. तो पलीकडच्या आमदारांचा कार्यकर्ता होता. उंबरठ्यावरच उभं राहून त्याने मला नमस्कार केला. “गावाहून आलात? बरं झालं. वहिनींना सांगा, कशाला हे लफडं?” लफडं म्हणजे भानगड. “दिलीपभाऊंची चांगली नोकरी आहे. ती चांगलीच राहावी असं आम्हाला पण वाटतं ना!”

तो टेकडी उतरून गेल्यावर दिलीप भिंतीला टेकून खाली बसला. कारखान्याच्या शेठने त्याला बोलावून दोनच दिवसांपूर्वी सांगितलं होतं, घरवालीला आवर.

“निर्मला,” मी म्हटलं, “उद्या अर्ज मागे घे.”

ती रागावली नाही. “ताई, निवडणुकीचं ऑफिस अंधेरीला आहे. उद्या आपण दोघी जाऊ. पण बसने नको, पायी जाऊ. वाटेत माझा मतदारसंघ बघा. मग तुम्ही म्हणाल तसं.”

सकाळी लवकर निघालो. पायवाटेवर बायका पाणी घेऊन वर येत होत्या, डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी. आपल्याकडचा गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, याहून लहान असतो. एका वळणावर खडीचा घसरडा उतार होता. तिथं निर्मला थांबली.

“इथं मी पडले होते, ताई. दोन पावसाळ्यांपूर्वी. पाचवा महिना होता.”

मी तिच्याकडे बघतच राहिले. त्या वर्षी मायला निरोप आला होता, निर्मलाला ताप आहे, दिवाळीला येणार नाही. तिला दिवस गेल्याचंच आम्हाला ठाऊक नव्हतं. मी नर्स, आयुष्य बाळंतपणं करण्यात गेलेलं, आणि माझ्याच घरातली ही गोष्ट मला खडीवर उभं राहून कळत होती.

“सांगितलं का नाहीस?”

“सांगणार होते सहाव्या महिन्यात. माईंना पहिल्यापासून हुरहुर नको म्हणून. मग सांगण्यासारखं राहिलं नाही.” तिने माझा हात धरला, मी घसरू नये म्हणून. “चला. इथं थांबलं की मागच्या बायकांची वाट अडते.”

नाल्यावर एक लोखंडी फळी टाकलेली होती. ती ओलांडली आणि निर्मला पदर सारखा करत म्हणाली, “आला माझा मतदारसंघ.”

खालच्या चाळींत बहुतेक घरं कोकणातली, गिरणीत नोकरी केलेल्यांची. दारात तुळस, वळचणीला वाळत घातलेले बांगडे. टेकडीच्या बायका इथंच पाणी भरायला येत, आणि त्यावरून वर्षानुवर्षं भांडणं होत होती. हंडे फेकले गेले होते, झिंज्या धरल्या गेल्या होत्या. पंपाच्या खोलीची किल्ली पारकरकाकूंकडे असे. निर्मलाने त्यांच्याच दारावर थाप मारली तेव्हा मी दोन पावलं मागे सरले.

काकू साठीच्या, ठेंगण्या, हातात कोयती. मासळी कापता कापता उठून आल्या होत्या. त्या मालवणीत बोलत.

“काय गो? आज कळशी इसारलंस?”

“आज पाणी मागायला आले नाही, काकू. मत मागायला आले.”

“मत?” त्यांनी कोयती खाली ठेवली. “तूच ती? भिंतीवरची? माका आधी सांग, तुजा सोताचा मत खंय आसा?” (तुझं स्वतःचं मत कुठं आहे?)

निर्मलाने नाल्याकडे बोट दाखवलं. “पलीकडं.”

“म्हणजे तुजा मत तुकाच पडाचा नाय?”

“नाही पडणार.”

“आणि तुज्या घोवाचा?” घोव म्हणजे नवरा.

“त्यांचंही नाही.”

काकू हसू लागल्या. सगळं अंग हलवत, दाराची चौकट धरून. आतून त्यांची सून धावत आली, शेजारणी डोकावल्या. “अगो ऐकलास काय? हिका घरातला मत नाय आणि आमदार होवक निघाली!” सगळी चाळ हसली. निर्मलाही हसली. मला आधी अपमान वाटला, पण नंतर दिसलं की हसता हसता काकूंनी दार पूर्ण उघडलं होतं.

आम्ही आत बसलो. निर्मला मग एवढंच म्हणाली, “काकू, तुमचं पाणी मला कमी करायचं नाही. तुमची वेळ संपली, तुमचं सगळ्यांचं भरून झालं, की पंप थोडा वेळ आमच्यासाठी चालू ठेवायचा.”

“आमचा भरून झाल्यावर?”

“तुमचं भरून झाल्यावर.”

“ह्यां आधी कित्याक नाय सांगलंस?” (हे आधी का नाही सांगितलंस?)

“तुमच्या दारात कधी येता आलं होतं मला? रांगेत भांडत होतो आपण.”

काकूंनी हो म्हटलं नाही. बशीत दोन खोबऱ्याच्या वड्या आणून ठेवल्या आणि म्हणाल्या, “खा. बगूया.” बाहेर पडल्यावर मी विचारलं, “हे ‘बगूया’ म्हणजे काय?” निर्मला म्हणाली, “काल ते ‘चालती हो’ होतं.”

तिथून साकीनाक्यापर्यंतचा रस्ता धुराचा. दोन्ही बाजूंना गाळे, म्हणजे छोट्या कारखान्यांच्या खोल्या, आणि प्रत्येक गाळ्यातून वेगळा आवाज. कुठं पत्रा कापत होते, कुठं स्क्रूला आटे पाडत होते. रस्त्यावर पसरलेल्या लोखंडी किसाने माझ्या चपलेच्या तळव्याला भोक पडलं. निर्मला गाळ्या-गाळ्यांत डोकावून हात जोडत होती. काही कामगार हसले, काहींनी मान हलवली, एकजण म्हणाला, “भाभी, मेरा वोट तो गांव में है.” तिने त्यालाही नमस्कार केला.

दिलीपचा गाळा आला. त्याने आम्हाला पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. मी निर्मलाला बाहेर थांबायला सांगितलं आणि सरळ शेठच्या टेबलापाशी गेले. मनात बरंच काही ठरवून आले होते : हात जोडीन, विनवीन, अर्ज मागे घेते म्हणून सांगीन.

शेठ गुजराती होता, चष्म्यावरून बघणारा. मी दिलीपची मोठी बहीण म्हणताच त्याने स्टूल पुढे केलं आणि त्याच्या मराठीत म्हणाला, “बेन, तुम्ही बसा. हे बघा, मला फोन आला. बोलले, दिलीपला सांग. मी दिलीपला सांगितला. परत फोन येईल तर मी बोलेल, सांगितला म्हणून. माझा काम खलास.”

“म्हणजे नोकरी?”

“नोकरीला काय झाला?” त्याने लेथवर वाकलेल्या दिलीपकडे बोट केलं. “असा टर्नर मला त्यांचा साहेब देणार काय? पॉलिटिक्सवाले पाच वर्षांनी येतात. मला माल रोज द्यायचा असतो.”

मला एकदम हलकं वाटलं. त्याने मागवलेला अर्धा कप चहा मी उभ्याउभ्याच प्याले आणि बाहेर येताना दिलीपच्या पाठीवर हात ठेवला. “जेव नीट,” मी म्हटलं. “नोकरी कुठं जात नाही.” मशीनच्या आवाजात त्याला ते नीट ऐकू गेलं नसावं, पण माझा चेहरा त्याने वाचला. गेल्या दोन दिवसांत मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

साकीनाक्याच्या पुढे मरोळ. कारखान्यांच्या मध्येच अचानक एक जुनं गाव लागतं : बुटकी घरं, लाकडी सज्जे, विहीर आणि तिठ्यावर पांढरा क्रूस, त्याला झेंडूचा हार. इथले जुने ख्रिस्ती लोक घरी मराठीच बोलतात, त्यांच्या वळणाची. ओट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांना निर्मलाने नमस्कार केला.

“कंदी आली मुंबईला?” त्यांनी मला विचारलं.

“काल.”

“मंग तू मुंबईतून भायेर आली आता. हे मरोळ हाय, मुंबई नाय.” मग निर्मलाकडे वळून, “मतं मांगाला सगळीच येतान. निवडून नाय आली तं परत येशील का?”

“येईन, बाबा.”

“निवडून आली तं?”

निर्मला गोंधळली. बाबा खूश झाले. “बघ, तेच इचारलं कोनी नाय.”

तिथून पुढे माझ्या चपलेचा अंगठाही तुटला. अनवाणी चालावं तर रस्ता तापलेला. निर्मलाने तिची चप्पल मला घालायला लावली आणि स्वतः माझी तुटकी फरफटवत अंधेरीपर्यंत आली. अंधेरीत पुलाखाली मोची सापडला. चप्पल शिवून होईपर्यंत शेजारच्या उडप्याच्या हॉटेलात आम्ही राइसप्लेट खाल्ली : भात, दोन भाज्या, पापड आणि सांबार, म्हणजे आंबट-गोड दाक्षिणात्य वरण. खाताना मी विचार करत होते. हा तिचा मतदारसंघ सकाळपासून आम्ही पायी ओलांडत आलो होतो. यात डोंगराएवढ्या इमारती होत्या, विहिरीचं गाव होतं, गुजराती शेठ होता, बांगडे वाळवणाऱ्या काकू होत्या. टेकडीवरच्या बाईला यांतल्या एकाचंही दार एरवी ठोठावता आलं नसतं. “कोण गं तू?” असं कुणीही विचारलं असतं. उमेदवार म्हटल्यावर तेच दार तिच्यासाठी निदान अर्धं उघडत होतं.

निवडणूक कार्यालय एका सरकारी इमारतीच्या तळमजल्यावर होतं. व्हरांड्यात बाकं, आत एक लांब टेबल, त्यामागे अधिकारी आणि त्यांच्या डोक्यावर घड्याळ. बरेच अपक्ष आले होते. कुणी सही करून अर्ज मागे घेत होता, कुणी कोपऱ्यात अजून कुजबुजत होता. खांबाला टेकून सफारीवाला उभा होता.

“आलात वहिनी! बरं केलंत. आत्ता सही करा, मी टॅक्सीने घरी सोडतो दोघींना.”

निर्मला माझ्याजवळ बाकावर बसली. चालून चालून तिचे पाय धुळीने भरले होते. “ताई,” ती हळूच म्हणाली, “मी शब्द दिलाय. तुम्ही म्हणाल तसं करीन.”

मला माय आठवली. दिलीप भिंतीला टेकून बसलेला आठवला. आणि तो खडीचा उतार. तिथून रोज सकाळी वर येणाऱ्या त्या बायकांपैकी कुणाला कितवा महिना असेल, हे मला चालीवरून ओळखता आलं असतं. सकाळी एकीचं ओळखलंही होतं.

“तीन वाजू दे,” मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी पदराने घाम पुसला आणि घड्याळाकडे तोंड करून बसले. सफारीवाल्याने दोनदा येऊन घसा खाकरला. शेवटी अधिकाऱ्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि शिपायाला दार लोटायला सांगितलं. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. दोन दिवस ज्याची भीती बाळगली ते होऊन गेलं होतं, आणि छत काही कोसळलं नव्हतं.

सफारीवाला जवळ आला. आता काय ऐकावं लागणार म्हणून मी निर्मलाचं मनगट घट्ट धरलं. तो काही वेळ मान खाजवत राहिला.

“बरं, वहिनी,” तो म्हणाला, “राहिलात तर राहिलात. फक्त एक करा ना. आमच्या साहेबांची मतं खाऊ नका. समोरच्याची खा.”

आम्हाला हसू आवरेना. बिचारा तोही हसला. मी समजत होते तसा राक्षस वगैरे तो नव्हता. त्यालाही वर जाऊन कुणाला तरी ‘सांगितलं’ म्हणून सांगायचं होतं.

निशाणी शिडी मिळाली. निर्मलाला बादली हवी होती, पण ती दुसऱ्या अपक्षाला गेली. मी तार करून रजा वाढवली आणि मतमोजणीपर्यंत राहिले. दिलीप कामावरून आला की भिंती रंगवायला जायचा. शिडी काढायला सोपी, दोन उभ्या रेघा आणि मध्ये पायऱ्या, म्हणून टेकडीवरची पोरंसोरंही कोळशाने काढू लागली. चुकून पार मुलुंडपर्यंत कुणीतरी ती काढून आलं, जिथं तिला कुणीच मत देऊ शकत नव्हतं.

मतदानाच्या दिवशी निर्मलाने सकाळी टेकडीच्या केंद्रावर जाऊन आपलं मत दिलं, तिच्या स्वतःच्या निवडणुकीशी काही संबंध नसलेलं. मग नाला ओलांडून दिवसभर ती दुसऱ्या बाजूच्या केंद्रांबाहेर उभी होती. पारकरकाकू ठेवणीतलं लुगडं नेसून, सुनेला आणि चार शेजारणींना घेऊन आल्या. आमच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. बाहेर आल्यावर शाई लावलेलं बोट पदराआड धरून निघून गेल्या.

मतमोजणीला मी तिची प्रतिनिधी म्हणून आत बसले होते. निर्मला हरली. तसं ते सगळ्यांनाच माहीत होतं. पलीकडचे आमदार पुन्हा निवडून आले, बाहेर गुलाल उडाला. पण निर्मलाची मतं जाहीर झाली, तेव्हा टेबलाभोवतीच्या पक्षांच्या माणसांनी माना वर केल्या. जिंकण्याच्या जवळपासही ती नव्हती, पण अपक्षांत सगळ्यांच्या पुढे होती. आणि त्यातलं एकही मत टेकडीचं नव्हतं, कारण ते असूच शकत नव्हतं. जेवढी होती तेवढी सगळी, तिने दारं वाजवून मिळवलेल्या परक्या माणसांची होती.

“झकास!” सफारीवाला माझ्या कानाशी म्हणाला आणि गुलालात शिरला.

माझं परतीचं आरक्षण दुसऱ्याच दिवसाचं होतं. वळकटी बांधत असतानाच बाहेर धापा टाकल्याचा आवाज आला. पारकरकाकू कमरेवर हात ठेवून, लालबुंद चेहऱ्याने दारात उभ्या होत्या. नाल्याकाठी इतकी वर्षं राहून त्या पहिल्यांदाच टेकडी चढल्या होत्या.

“काय गो बाये ह्यां चढाण!” त्या उंबरठ्यावरच बसल्या. “रोज चढतास? कळशी घेवन?”

निर्मलाने त्यांना तांब्याभर पाणी दिलं. त्यांनी दोन घोट घेतले, तांब्यात पाहिलं आणि उरलेलं न सांडता परत हातात दिलं.

मग त्यांनी सांगितलं ते असं : सकाळी चाळींतल्या सगळ्या बायका हार घेऊन निवडून आलेल्या आमदारांकडे गेल्या होत्या. हार घातला, पेढा खाल्ला आणि तिथंच, सगळ्या लोकांसमोर काकू म्हणाल्या की आमच्या पंपावरून वरच्या टेकडीला पाइप द्या, आमचं भरून झाल्यावर. “तेंका म्हटलंय, ह्यां टेकडीवाली मागनत नाय. आमी मागतो. आमी तुमचे मतदार.” आमदारांनी शेजारच्या माणसाकडे पाहिलं, माणसाने बायकांच्या गर्दीकडे, आणि शिफारस करण्याचं तिथंच कबूल झालं.

निर्मला काकूंच्या शेजारी उंबरठ्यावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. काकू तिच्या पाठीवर थोपटत राहिल्या. “रडतंस कित्याक? मत मीच दिलंय तुका. सांगूचा नाय हां कोणाक.”

त्याच दुपारी मी मेलमध्ये बसले. कसारा घाट चढताना खिडकीतून वारा आला, आणि कितीतरी दिवसांनी मला शांत झोप लागली.

घरी पोचल्यावर मायने विचारलं, “अर्ज मांगं घेतला?”

“नाही.”

“मंग निवडून आली?”

“नाही.”

“मंग तू इतके दिवस तथी काय करत होती?”

मी तिला सगळं सांगितलं. तो खडीचा उतारही सांगितला. निघताना निर्मलानेच म्हटलं होतं, आता सांगा. माय बराच वेळ सुपातल्या तांदळावर हात फिरवत राहिली. “मले ताप म्हनून सांगतलं होतं,” एवढंच ती म्हणाली. त्यानंतर तिने निवडणुकीबद्दल काही विचारलं नाही. रोज मी कामावरून आले की फक्त विचारायची, “मुंबईचं काही?”

उन्हाळा सरता सरता आरोग्य केंद्रावर ट्रंक कॉल आला. दिलीप ओरडत होता, मागे बायकांचा गलका होता. पाइप नाल्यावरून टेकडीवर चढला होता आणि विहाराजवळच्या नळाला पाणी आलं होतं. निर्मलाने फोन घेतला आणि म्हणाली, “ताई, पुढच्या आठवड्यात मी मरोळला जाणार आहे. त्या बाबांना येईन म्हणून सांगितलं होतं.”

मी दुपारीच घरी गेले. माय अंगणात निंबाखाली गहू निवडत होती. मी सांगितलं. तिने हातातला खडा बाजूला टाकला.

“आता तिले खाली जा लागत नाही ना?”

“नाही.”

“त्या दुसऱ्या बायायले बी नाही?”

“कुणालाच नाही.”

“बरं झालं बाई,” माय म्हणाली. तिने सूप भिंतीला टेकवलं, गोणपाट ओढून निंबाच्या सावलीत घेतलं आणि भरदिवसा, हातपाय सैल सोडून आडवी झाली. मी तिच्याशेजारी बसून उरलेले गहू निवडले. ऊन कलेपर्यंत ती झोपली होती.